छतापासून सुरुवात करा, ताई

वाचकाचं पत्र

नमस्कार. आम्ही अमळनेरला राहतो. वरच्या मजल्यावर आमची दोघांची झोपायची खोली आहे, १० बाय १२ ची, वर थेट स्लॅब. मिस्टर एसटीतून निवृत्त झाले, त्यांचे गुडघे दुखतात. खोलीत ६ बाय साडेसहाचा जुना बॉक्सचा पलंग, एक लोखंडी आणि एक लाकडी कपाट, गहू-दादरची (ज्वारीची) कोठी, गोधड्यांचा ढीग आणि कूलर एवढं सामान आहे. कोठीत किडे होऊ नयेत म्हणून मी गोळ्या टाकते. पलंगाचं डोकं पश्चिमेच्या खिडकीखाली आहे. दक्षिणेची खिडकी कपाटाने अर्धी झाकली गेली आहे. उत्तरेच्या भिंतीत पश्चिमेकडे दार आहे. एप्रिल-मे मध्ये तिथे झोपवत नाही, आम्ही खाली हॉलमध्ये येऊन पडतो.

मुलगी पुण्याहून फोटो पाठवते : पीओपीचं छत, एक गडद रंगाची भिंत, वॉलपेपर. सुताराने त्याचाच अंदाज दिला आहे. माझ्याजवळ भिशीचे ६०,००० रुपये आहेत. मिस्टर म्हणतात, "झोपाले काय सजावट लागस?" पण आयुष्यभर या घरात सगळ्यांचं केलं आणि माझी म्हणावी अशी एक जागा नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) लेक-जावई येतील, त्याआधी खोली नीट करायची आहे. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, अमळनेर

उत्तर

ताई, नमस्कार.

सजावटीचं नंतर बोलू. तुमच्या पत्रातली कोठी आधी खोलीबाहेर गेली पाहिजे, आणि ते काम आखाजीपर्यंत थांबू शकत नाही.

धान्यात टाकायच्या गोळ्या बहुतेक ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन नावाचा विषारी वायू सुटतो. किडे त्यानेच मरतात, आणि माणसालाही तो मारतो. त्यावर उतारा नाही. गोळ्या टाकलेल्या धान्याशेजारी झोपलेली माणसं सकाळी उठलीच नाहीत, असं आपल्या देशात अनेकदा घडलं आहे. तुमच्या खोलीत तर कोठीशेजारी रात्रभर कूलरचा ओलावा. कोठी बाहेर निघेपर्यंत दोघांनीही त्या खोलीत झोपू नका. दार-खिडक्या उघड्या ठेवा, झाकण न उघडता माणसं लावून कोठी काढा, आणि जिथे कोणी झोपत नाही अशा घराबाहेरच्या मोकळ्या जागेत ठेवा. जिन्याखाली नको, स्वयंपाकघरात नको. कोणाला मळमळ, चक्कर, छातीत दडपण असं काही वाटलं तर घरगुती उपाय करत बसू नका. थेट दवाखाना गाठा आणि गोळ्यांचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. पुढच्या वर्षीपासून गहू कडक उन्हात वाळवून, एरंडेल चोळून, निंबाचा पाला घालून भरा. घरच्या धान्याला तेवढं पुरतं.

आता खोलीकडे वळू.

तुम्ही लिहिता की मे महिन्यात तिथे झोपवत नाही. झोपायच्या खोलीची याहून मोठी तक्रार असू शकत नाही, आणि सुताराच्या अंदाजात या तक्रारीला एकही रुपया ठेवलेला दिसत नाही. पीओपी, वॉलपेपर, गडद भिंत हे सगळं करून झाल्यावरही तुम्ही दोघं मे मध्ये हॉलमध्येच झोपाल. म्हणून माझं सांगणं सरळ आहे : आधी खोली झोपण्यासारखी करा, दिसण्यावरचा खर्च त्यानंतर.

उकाडा येतो कुठून ते आधी बघा. आपला खान्देश साधारण २१ अंश अक्षांशावर आहे. मे महिन्याच्या शेवटी दुपारचा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतो. म्हणजे भिंतींपेक्षा जास्त ऊन छतावर पडतं. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तव्यासारखा तापतो आणि रात्री बारा-एकपर्यंत ती उष्णता खाली सोडत राहतो. तुमचा पंखा तीच गरम हवा ढवळून अंगावर टाकतो. आपल्याकडच्या जुन्या धाब्याच्या घरांत हा त्रास इतका नव्हता, कारण वर मातीचा जाड थर असायचा आणि ऊन आत उतरेपर्यंत संध्याकाळ होऊन जायची.

तेव्हा पहिला खर्च गच्चीवर. गच्ची झाडून, धुऊन घ्या, भेगा असतील तर भरून घ्या आणि चुन्याचे दोन हात मारा. चुना भिजवून गाळून घ्यायचा आणि त्यात थोडा फेव्हिकॉल घालायचा, म्हणजे तो चांगला धरतो. पांढरं छत ऊन परतवून लावतं, खोलीत दोन-चार अंशांचा फरक पडतो, आणि रात्री झोपायच्या वेळी तो फरक अंगाला कळतो. पावसात चुना धुऊन जातो, त्यामुळे दर वर्षी होळी झाली की पुन्हा मारावा लागतो. ऊन परतवणारा तयार रंगही दुकानात मिळतो, तो महाग पण काही वर्षं टिकतो. कायमचं करायचं असेल तर गच्चीवर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांची फरशी बसवून घ्या, पण या वर्षी तेवढी घाई नको. उन्हाळ्यात तुमची वाळवणं गच्चीवर पडतातच. बिबडे-कुरडया नेहमीप्रमाणे स्वच्छ कापडावर घाला, चुन्याला काही होत नाही.

त्यानंतर पश्चिमेची खिडकी. दुपारी तीननंतरचं ऊन तिरपं येतं. छज्जा कितीही रुंद असला तरी ते त्याखालून आत शिरतं. आपण काय करतो, आतून जाड पडदा लावतो. पण काचेतून आत आलेलं ऊन पडद्याला तापवतं आणि ती उष्णता खोलीतच राहते. ऊन खिडकीच्या बाहेर अडवलं पाहिजे. बांबूची चिक बाहेरून लावा, किंवा शेतीच्या दुकानातून ७५ टक्के ऊन अडवणारी शेडनेट (जाळी) आणा. खिडकीपासून वीतभर पुढे लोखंडी चौकटीवर ताणून बांधा, मधून हवा खेळती राहू द्या. या भिंतीला बाहेरून पांढरा रंगही देऊन टाका. दिसायला शेडनेट फार देखणी नाही, हे मान्य. पण ती रस्त्यावरून दिसेल, तुमच्या पलंगावरून नाही.

आता सामानाची मांडणी. यात पैसा लागत नाही, दोन माणसांची एक सकाळ लागते, आणि माझ्या मते तुमच्या खोलीचा सगळ्यात मोठा बदल इथेच होणार आहे.

सध्या तुमची डोकी पश्चिमेच्या भिंतीला आहेत. दिवसभर तापलेली ही भिंत रात्री तुमच्या डोक्याला शेक देते. पलंग फिरवा आणि डोकं पूर्वेच्या भिंतीला घ्या. ती घराच्या आतली भिंत असणार, तीच सगळ्यात थंड. पूर्वेला डोकं करून झोपण्याला घरातल्या थोरांचीही हरकत नसते, त्यामुळे तोही प्रश्न नाही. आता मोजून बघा. खोली पूर्व-पश्चिम १२ फूट धरते आहे मी. साडेसहा फूट पलंगाचे गेले, पश्चिमेच्या भिंतीला दोन फूट कपाटांना ठेवले, तरी मध्ये साडेतीन फूट उरतात. कपाटाची दारं पूर्ण उघडतात, समोर उभं राहता येतं, आणि खोलीचं दारही याच मोकळ्या भागात उघडतं. रुंदीच्या १० फुटांत ६ फूट पलंग मधोमध ठेवला की दोन्ही बाजूंना दोन-दोन फूट मिळतात. हे दोन फूट फार मोलाचे आहेत. भाऊजींना रात्री उठताना तुम्हाला ओलांडून जावं लागणार नाही, आणि चादर घालताना तुम्हाला पलंगावर गुडघे टेकून चढावं लागणार नाही.

दोन्ही कपाटं पश्चिमेच्या भिंतीला लावा, खिडकीच्या एकेका बाजूला. लोखंडी कपाट साधारण तीन फूट रुंद असतं. खिडकी साडेतीन-चार फुटांची असेल तर दोन्हीकडे ते बसतं. भिंत आणि कपाट यांत तीन-चार बोटं अंतर सोडा. कपाटं तिथे गेली की तापलेल्या भिंतीची झळ तुमच्यापर्यंत थेट येत नाही, आणि दक्षिणेची खिडकी पूर्ण मोकळी होते. मे महिन्यात सूर्य डोक्यावर असल्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला छज्जाची सावली पुरते. इतकी चांगली खिडकी तुम्ही इतकी वर्षं कपाटामागे झाकून ठेवली आहे.

कूलर त्या खिडकीत बाहेरच्या बाजूने बसवा. खोलीच्या आत ठेवून दारं-खिडक्या लावून घेतल्या की तो तीच दमट हवा फिरवत राहतो, मग अंग चिकचिकतं आणि आपण म्हणतो कूलर बिघडला. कूलरला बाहेरची कोरडी हवा आत घ्यायला हवी आणि आतली हवा बाहेर जायला वाट हवी. तो चालू असताना खोलीचं दार किंवा पश्चिमेची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. हवेचा झोत पायांकडे वळवा, डोक्यावर नको. जून संपून हवेत दमटपणा आला की कूलर बंद करून टाकी कोरडी करा. त्यानंतर तो गारवा देत नाही, कपाटातल्या कपड्यांना मात्र बुरशी आणतो. उन्हाळ्यातही टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासा, कारण डेंग्यूचे डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतात.

आणखी एक, ते विसरू नका. कूलरचं पत्र्याचं अंग आणि पाणी यांतून दर उन्हाळ्यात कोणाला तरी शॉक लागतो. तीन पिनांचाच प्लग हवा आणि त्याचं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यायला हवं. पाणी भरताना बटण बंद करून प्लग काढायचा, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. वायरमन आलाच आहे तर त्याच्याकडून आणखी दोन कामं करून घ्या. एक, दिवा आणि पंखा यांची बटणं दाराजवळही असू देत आणि पलंगावरून हात पोचेल अशीही. दोन, भाऊजींच्या बाजूला जमिनीपासून फूटभर उंचीवर एक छोटा रात्रीचा दिवा. डोळ्यांवर उजेड येत नाही आणि पाय कुठे टाकतोय ते दिसतं. मधली पांढरी ट्यूबलाइट साफसफाईसाठी राहू द्या. रोज संध्याकाळसाठी पलंगाच्या दोन्ही बाजूंना पिवळसर उजेडाचा एकेक दिवा लावा, खोक्यावर २७०० ते ३००० केल्व्हिन लिहिलेलं बघून घ्या. खोलीचं रूप रंगाच्या चार डब्यांनी बदलत नाही इतकं या दोन दिव्यांनी बदलतं. पंखा जुना झाला असेल तर कमी वीज खाणारा बीएलडीसी मोटरचा पंखा घ्या. साधा पंखा ७५ वॅट खातो, हा तिसाच्या आसपास, त्यामुळे लाइट गेल्यावर इन्व्हर्टर पुष्कळ जास्त वेळ साथ देतो.

गादीवर पैसे खर्च करायला कचरू नका. फोमच्या जाड गाद्या दिसायला छान असतात, पण ४४ अंशांत त्यात पाठ रुतते आणि घाम सुकत नाही. आपण कापसाच्या मुलखात राहतो. पिंजाऱ्याकडून चांगल्या कापसाची, घट्ट भरलेली गादी करून घ्या किंवा आहे तीच पिंजून, नवीन खोळ घालून घ्या. दोन-तीन वर्षांनी पुन्हा पिंजली की ती नवी होते. वर फिक्या रंगाची सुती चादर. सॅटिनची चकचकीत चादर मुलगी सुचवेल, तिला प्रेमाने नाही म्हणा.

पलंगाची उंची मात्र तपासा. भाऊजींना पलंगाच्या कडेवर बसवा. तळवे जमिनीवर पूर्ण टेकले आणि गुडघे कमरेच्या किंचित खाली राहिले तर उंची बरोबर. गादीसकट १८ ते २० इंच बहुतेकांना जमतं. त्याहून खोल बसलं की उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. कमी पडत असेल तर सुताराकडून पलंगाखाली लाकडी ठोकळे बसवून घ्या. आणि बॉक्सची ती जड फळी उचलणं आता दोघांनीही थांबवा. वर्षातून एक-दोनदाच लागतं तेवढंच त्यात ठेवा.

पीओपीबद्दल तुम्ही स्पष्ट विचारलं नाही, पण सुताराचा जोर त्यावरच दिसतो, म्हणून सांगते. छताखाली दुसरं छत आणि मध्ये उष्णतारोधक थर घातला तर झळ कमी होते, हे खरं आहे. पण नुसत्या नक्षीच्या पीओपीने ते होत नाही. खोलीची उंची सहा-आठ इंच कमी होते, पंखा खाली येतो, आणि स्लॅब कुठे गळतोय ते दिसायचं बंद होतं. पंख्याची पाती जमिनीपासून सात फुटांवर तरी हवीतच. या वर्षी गच्ची पांढरी करा, एक उन्हाळा आणि एक पावसाळा बघा. वॉलपेपर नकोच. आपल्याकडे भिंतींना लोणा येतो, मागून कागद सुटतो आणि वर्षभरात कोपरे लोंबू लागतात.

रंग फिका घ्या. पिस्ता, साय किंवा फिका बदामी. दारामागच्या आणि पलंगाकडेच्या भिंतीला हात लागतो, तिथे पुसता येणारा रंग. मुलीला गडद रंग आवडत असेल तर तो पडद्यात किंवा उशांच्या खोळीत आणा, धुता येतो आणि कंटाळा आला की बदलता येतो. पडदे सुतीच, घरच्या मशीनमध्ये मावतील एवढे. काळ्या मातीची धूळ मे मधल्या वावटळींत कुठून कुठून आत येते ते तुम्हाला मी काय सांगू. पेल्मेट, झालर, कोरीव काम, कृत्रिम फुलं हे सगळं धूळ धरतं आणि पुसायला तुम्हीच असता.

आता तुमच्या पत्रातलं ते वाक्य. "माझी म्हणावी अशी एक जागा नाही." ते वाचून वाईट वाटलं, कारण आपल्याकडच्या बहुतेक घरांत हे असंच आहे. झोपायची खोली म्हणायची, आणि पाहुण्यांच्या गाद्या, लग्नातली भांडी, धान्य, कोणाचं काय काय तिथेच येऊन पडतं. तुमच्या खोलीतून कोठी गेली की पाठोपाठ जे सामान तुम्हा दोघांचं नाही तेही जाऊ द्या. जागा नाही असं कोणी म्हणालं, तर ती शोधायचं काम त्यांच्याकडे द्या.

पश्चिमेच्या खिडकीखाली, दोन कपाटांच्या मधोमध साडेतीन फुटांचा एक कोनाडा तयार होतो. तिथे सुताराकडून दीड फूट उंचीची, वर उघडणारी बसायची पेटी करून घ्या. घरात जुनी सागवानी पेटी असेल तर तीच घासून-पुसून तिथे ठेवा, नवीन करूच नका. पाठीला एक लोड, वर पातळ गादी. पश्चिमेची खिडकी दुपारी छळते, पण सकाळी दहा-अकरापर्यंत घरातली सगळ्यात गार सावली तिथेच असते. सकाळचा चहा, पेपर, वाती वळणं, मुलीशी फोनवर बोलणं, काय करायचं ते करा. काही न करता नुसतं बसलात तरी चालेल. त्या पेटीवर दुसऱ्या कोणाचं काही ठेवू देऊ नका, इस्त्रीचे कपडेसुद्धा.

गोधड्यांच्या ढिगाचंही तिथेच काम होतं. सगळ्या बाहेर काढा, उन्हात टाका आणि बघा. त्यात एखादी तरी आईच्या किंवा सासूबाईंच्या लुगड्यांची असेल : वर मऊ पडलेलं सुती नऊवार, काठाचा तांबडा पट्टा कडेने फिरवलेला, आणि चौकोनात चौकोन घालत मध्यापर्यंत गेलेले हाताचे टाके, कुठे दोरा संपला म्हणून दुसऱ्याच रंगाचा लावलेला. ती पेटीत घालू नका. पलंगाच्या पायथ्याशी घडी करून पसरा. पुण्याच्या दुकानात यंत्रावर शिवलेल्या अशा गोधड्यांना काय भाव आहे, ते तुमच्या लेकीला ठाऊक असेल. पाहुण्यांसाठी चार ठेवा, बाकीच्या वाटून टाका.

भाऊजींना सांगा की त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. झोपायला नक्षी लागत नाही. पण थंड छत, नीट गादी, योग्य उंचीचा पलंग आणि रात्री पाय कुठे पडतोय ते दाखवणारा दिवा लागतो, आणि यातलं जवळजवळ सगळं त्यांच्याच गुडघ्यांसाठी आणि झोपेसाठी आहे. गच्चीवर चुना मारायला माणूस आणणं, वायरमनच्या मागे उभं राहणं ही कामं त्यांच्याकडे द्या. एसटीत उभी हयात काढलेल्या माणसाला काम वेळेवर करून घेता येतं.

पैशांचं म्हणाल तर गच्ची, चिक किंवा शेडनेट, वायरमन, गादी या क्रमाने खर्च करा, मग रंग, मग पेटी आणि पडदे. ६०,००० मधून काही उरावेत असा माझा अंदाज आहे. उरले तर ते भिशीतल्यासारखेच बाजूला ठेवा. एका उन्हाळ्यानंतरही रात्र कठीण जात असेल तर ते एसीला कामी येतील. वर स्लॅब असलेल्या या खोलीला दीड टनाचा लागेल. फक्त एसी आणि कूलर एका वेळी लावू नका, एक हवा कोरडी करतो आणि दुसरा ओली.

आखाजीला लेक-जावई येतील तेव्हा खोली त्यांना द्यायची की नाही, हेही आताच ठरवा. माझं मत, देऊ नका. चार रात्री त्यांची हॉलमध्ये छान सोय करा, कूलर भाड्याने मिळतो. भाऊजींचे गुडघे आणि त्यांच्या उंचीला बसवलेला पलंग एकाच खोलीत राहू द्या.

आणि सुताराला आगाऊ रक्कम देण्याआधी एक काम करा. खोली रिकामी झाली की खडूने फरशीवर पलंग, कपाटं, पेटी आखा. कपाटांची आणि खोलीची दारं उघडल्यावर कुठवर येतात तेही आखा. मग दोघंही त्यात चालून बघा, रात्री उठून बाथरूमकडे जावं तसं. कुठे अडखळलात तर खडू पुसा, पुन्हा आखा. ते मनासारखं जमलं की मगच त्याला बोलवा.